नसलेली खाट

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी वाटायचं, दुकान चौकीच्या समोर आहे, उगाच कशाला. मग वाटलं, मुलीचं लग्न होऊन जाऊ दे. लग्न झालं, नातवंडं झाली, तेव्हा म्हटलं, आता त्यांच्या कानावर हे कशाला घालायचं. कारणं संपेपर्यंत मी म्हातारा झालो. ज्याला हे सांगायला हवं होतं तो माणूस आता नाही. तरी लिहितो, कारण सोलापुरात जिथे धरणी-मोर्चे होतात त्या पूनम गेटसमोर मी जे बोललो ते रिक्षांच्या आवाजात अर्धं कुणाला ऐकू गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात एकच ओळ आली. त्यात मला ‘प्रत्यक्षदर्शी’ म्हटलं होतं. तो शब्द वाचून मी पेपर घडी घालून उशीखाली ठेवला. जे पाहिलं म्हणून मी सही केली ते मी पाहिलंच नव्हतं, आणि जे पाहिलं होतं ते कधी बोललो नव्हतो.

मी शिंपी. शहराच्या पूर्व भागात, जिथे दिवसभर यंत्रमागांची खडखड कानाला इतकी सवयीची असते की वीज गेली की माणसं दचकून बाहेर येतात, तिथे पोलीस चौकीच्या समोर माझं पत्र्याचं दुकान होतं. खाकी गणवेश शिवण्यात माझा हात चांगला होता. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी तर चौकीतलं निम्मं मनुष्यबळ माझ्या दुकानात हात वर करून उभं असायचं. कुणाचं पोट सुटलंय, कुणाचा खांदा पडलाय, हे त्यांच्या बायकांच्या आधी मला कळायचं. दुकान रस्त्याच्या कडेला होतं आणि त्याची जागा माझी नव्हती. महापालिकेची गाडी अतिक्रमण काढायला आली की आजूबाजूच्या टपऱ्या उचलल्या जायच्या, माझं दुकान राहायचं. का राहायचं हे मी कुणाला विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही.

बदल्यात काही द्यावं लागायचं असं नाही. फक्त अधूनमधून हाक यायची.

“मास्तर, या की जरा. सही हाय.”

पंचनाम्याला दोन पंच लागतात. झडती घेताना, माल जप्त करताना, माणसाला अटक करताना, त्या भागातली दोन भली माणसं समोर हवीत, म्हणजे पोलीस मनाला येईल ते लिहिणार नाहीत, असा त्यामागचा विचार. तो कागदावर चांगला आहे. प्रत्यक्षात अनोळखी माणूस पंच व्हायला तयार होत नाही. पुढे वर्षानुवर्षं कोर्टात तारखा पडतात, रोजगार बुडतो. एका हवालदाराने निवृत्त झाल्यावर मला स्पष्ट सांगितलं, “मास्तर, रस्त्यावरचा माणूस आमच्याकडं बघून पळतोय. मग आमी काय करायचं? समोर तुमी होताव.” त्यात खोटं काही नव्हतं. तेव्हा समोर मी होतो आणि शेजारचा पानपट्टीवाला होता. आम्ही दोघं ठरलेले पंच. आम्हाला खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. गल्लीतली माणसं चौकीसमोरून मान खाली घालून जायची आणि मी आत खुर्चीवर बसून चहा प्यायचो.

त्या दिवशी उन्हाळ्याची दुपार होती. मी एक पाटलोण कापत होतो. हवालदाराने रस्त्यापलीकडून हाक मारली.

“कात्री चालू हाय, नंतर येतो,” मी म्हणालो.

“दोन मिन्टाचं काम हाय ओ. फौजदारसाहेब बसल्यात.”

मी कात्री ठेवली आणि गळ्यातला टेप न काढता तसाच गेलो. व्हरांड्यात सुताच्या गोण्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. एका कारखान्यातून सूत चोरीला गेलं होतं, त्याचा हा माल. भिंतीला टेकून तिशीतला एक माणूस बसला होता. त्याच कारखान्यात मागावर काम करणारा, आमच्याच भागातला, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातला. कागद लिहून तयार होता. त्यात लिहिलं होतं की आरोपीच्या राहत्या घरी, खाटेखालून, आम्हा दोघा पंचांच्या समक्ष गोण्या काढल्या.

“जायचं कुठं?” मी विचारलं. निदान एवढं विचारलं होतं.

“कुटं जाताव या उन्हात? माल हितंच हाय की. घर काय पळून जायलंय?”

पानपट्टीवाला हसला. “आवो, माझ्या खाटेखाली काय हाय ते मला म्हाईत न्हाय. बायकू झाडू घिऊन वाकली की कळतंय. आन् हितं लोकाच्या खाटेखालचं सांगायलाव!”

सगळे हसले. मीही हसलो. त्याने सही केली, मी केली.

मग दुसरा कागद आला, अटकेचा. त्यात शेवटी एक वाक्य असतं, आरोपीच्या अंगावर कुठलीही ताजी जखम नाही. मी सही करायला वाकलो तेव्हा माझी नजर त्याच्याकडे गेली. वर्षानुवर्षं माणसांची मापं घेतलेल्या माणसाला हात कसा लोंबतो हे कळतं. त्याचा डावा हात कोपरापासून वेगळ्याच दिशेला वळला होता. उजव्या हाताने त्याने तो मांडीवर धरून ठेवला होता, लहान बाळ धरावं तसा. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. गळ्यातल्या टेपकडे बघत होता.

मी सही केली. दुकानात आलो. ती पाटलोण त्या दिवशी चुकीची कापली गेली.

घरी मी बायकोला फक्त हातापुरतं सांगितलं. ती जवळच्या मंद्रूप गावची, तोंडाने फटकळ. भाकरी थापता थापता म्हणाली, “मग सही कशाला केलाव?”

“तुला काय कळतंय त्यातलं.”

“मला एवढं कळतंय, खाकी शिवून शिवून तुमच्याच अंगावर चढलीय ती.”

मी ताट सरकवून उठलो. तिने परत तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली ती काही वर्षांनी. तोवर तो आतच होता, जामीन द्यायला कुणी उभं राहिलं नव्हतं. साक्षीच्या आधी हवालदाराने बाहेर बाकावर मला दोन वेळा सगळं म्हणून दाखवायला लावलं, शाळेतल्या पाठांतरासारखं. मी शपथ घेतली आणि म्हटलं, होय, माझ्यासमोर गोण्या काढल्या, खाटेखालून. त्याच्या बाजूने सरकारने दिलेला एक वकील होता, त्याच्या हातात त्या दिवशी बरीच प्रकरणं असावीत. त्याने कागद चाळले आणि मला एकच प्रश्न विचारला.

“खाट लोखंडी होती की लाकडी?”

या प्रश्नाची तयारी हवालदाराने करून घेतली नव्हती. मी म्हणालो, “लोखंडी.”

पिंजऱ्यातून आवाज आला. “मंचमे लेदु, साब. मंचमे लेदु.” खाटच नाही, साहेब. खाटच नाही. तो मराठी चांगलं बोलायचा, पण त्या वेळी तोंडातून तेलुगूच आलं. त्याला शांत राहायला सांगण्यात आलं. वकिलाने मान वर केली नाही. त्या खोलीत तेलुगू कळणारं कोण होतं ते मला ठाऊक नाही. मला कळत होतं. मी त्या लोकांच्यात वाढलोय, त्यांच्या पोरांबरोबर गोट्या खेळलोय. एका खोलीचं घर, दिवसा त्याच जागेवर बसून बायको विड्या वळणार, रात्री तिथेच जमिनीवर सतरंजी टाकून सगळे झोपणार. त्यात खाट मावणार कुठे? हे मला कोर्टात उभं राहिल्या राहिल्या कळलं. तरी मी खाली उतरलो आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो.

त्याला दोषी धरलं. जितके दिवस आत काढले तितकीच शिक्षा देऊन सोडलं. लोकांच्या लेखी तो सुटला. पण चोर म्हणून सुटला. त्याला कुठलाच कारखानदार मागावर उभं करेना, आणि केलं असतं तरी तो हात सरळ होत नव्हता. धागा तुटला की मागावर वाकून गाठ मारायला दोन्ही हात लागतात. मग तो बायकोने वळलेल्या विड्या कारखान्यात पोचवायचा, पानं आणि तंबाखू घरी आणायचा. माझ्या दुकानावरून जायचा. मी मशीनवर मान घालून बसायचो. पायाखाली मशीनचा पट्टा फिरत राहायचा, सुईखाली कापड नसलं तरी.

मग एक दिवस तो दुकानात आला. हातात पांढऱ्या शर्टाचं कापड.

“मुलीचं लग्न हाय. शर्ट शिवायचाय.”

मी म्हणालो, “इथं पुढं चांगले टेलर आहेत. मी आता खाकीच जास्त शिवतो.”

“त्यांना सांगायला लागतंय की, हात कसा झाला. मग ते हळहळ करतेत, चा पाजतेत.” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमाला सांगायला नको.”

मी टेप घेतला. छाती, खांदा, गळा. मग बाही. उजवी सरळ होती. डावीसाठी मला त्याचा कोपर हातात धरावा लागला. हाड जिथे जुळलं होतं तिथे गाठ होती, बोटाला लागली. मी टेप लावला, काढला, परत लावला. डावी बाही आखूड ठेवावी लागणार होती आणि कोपरापाशी सैल, म्हणजे वाकलेल्या हातावर ती ओढली जाणार नाही. हे सगळं मी त्याला तोंडाने सांगत राहिलो, कारण गप्प राहिलो असतो तर दुसरं काहीतरी बोलावं लागलं असतं.

शर्ट न्यायला आला तेव्हा त्याने घालून बघितला. दोन्ही मनगटं सारखी दिसत होती. आरशात बराच वेळ बघत राहिला. मी म्हणालो, “शिलाई राहू द्या.”

“का?” त्याने विचारलं.

एवढाच शब्द. आणि तो थांबला. कुठे जायची घाई नसल्यासारखा थांबला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. समोर चौकीच्या दारात कुणी नव्हतं.

मी म्हणालो, “मुलीचं लग्न आहे ना.”

त्याने मान हलवली, टेबलावर पैसे ठेवले आणि गेला.

चौकीचे गणवेश पुढे तयार यायला लागले, मी वकिलांचे काळे कोट शिवायला लागलो. त्याच सुमाराला पूनम गेटसमोर तो मला दिसायला लागला. कोठडीत मारहाण होऊ नये म्हणून, प्रत्येक चौकीत कॅमेरे लागावेत आणि लागलेले चालू राहावेत म्हणून, अटकेच्या आधी आणि नंतर डॉक्टरने तपासावं म्हणून काही माणसं तिथे धरणं धरायची. काही तरुण वकील, विडी कामगार बाया, एकदोन म्हातारे शिक्षक. हा त्यांच्यात कोपऱ्यात बसलेला. त्याची पाळी आली की उभा राहायचा आणि म्हणायचा, “माझ्या घरात खाट नव्हती.” आधीचं नाही, पुढचं नाही. लोक हसायचे. त्याला ‘खाटवाला’ नाव पडलं. पोरं गल्लीत त्याला ओरडून विचारायची, “काय खाटवाले, मिळाली का खाट?” तो चिडायचा नाही. मी सिटी बसमधून जाताना त्याला बघायचो आणि पलीकडच्या खिडकीकडे तोंड करायचो. जगात एकच माणूस ठामपणे म्हणू शकत होता की तो खरं बोलतोय. दोन होते, पण पानपट्टीवाला तोवर गावी जाऊन बसला होता.

एक वकीलबाई कोटाच्या बाह्या लहान करायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, “काका, तुमचं दुकान इथं किती वर्षं आहे?”

“झाली बरीच.”

“मग पंच झाला असाल की कधीतरी.”

“छे, छे. आमचा काय संबंध.”

त्या हसल्या. “चौकीसमोर दुकान, आणि कधी सही नाही? मग तर तुमचा सत्कारच करायला पाहिजे.”

मी पिना तोंडात धरून बाही वळवत राहिलो. त्या सांगत होत्या की आता कायदा बदललाय, झडतीचं मोबाइलवर चित्रण करायचं असतं. पण जुनी प्रकरणं तशीच राहिली. आणि आरोपी बोलला तर लोक म्हणतात, तो बोलणारच. पोलीस तर बोलत नाहीत. राहिले पंच. एखादा पंच जरी उभा राहून म्हणाला की आम्हाला नेलंच नव्हतं, तरी ऐकणाऱ्यांना गंभीरपणे घ्यावं लागेल. रविवारी एका सभागृहात जनसुनावणी होती, काही निवृत्त न्यायाधीश येणार होते. “खाटवाले काका बोलणार आहेत. त्यांचा एक पंच हयात आहे म्हणतात. नाव सांगत नाहीत.”

तोंडातल्या पिना काढून मी डबीत ठेवल्या. “मी येतो,” म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वेळ सांगितली.

शनिवारी सकाळी मी माळशिरसची एसटी पकडली. मुलीकडे. जाताना स्वतःला सांगितलं, संध्याकाळी परत येऊ. मुलीने दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

“आप्पा, न सांगता? बरं हाय ना सगळं?”

“तुला बघावं वाटलं.”

“आन् गळ्यात टेप घालून?”

टेप गळ्यातच होता. एसटीत एवढा वेळ कुणी काही म्हटलं नव्हतं. जावई म्हणाले, “मामा, हितं कुणाचं माप घ्यायला आलाव?” नातवंडं हसली. मी टेप खिशात कोंबला. रविवारी सबंध दिवस मी त्यांच्या उसाच्या बांधावरून इकडून तिकडे फिरत राहिलो. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं. प्रत्येक वेळी बांधाच्या टोकाला पोचलो की बघायचो.

परत आल्यावर वकीलबाई कोट न्यायला आल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“तुमच्यासाठी खुर्ची ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “मी नव्हती ठेवली. चौकीसमोरचे टेलर येणार, एवढंच मी त्यांना बोलले होते. त्यांनी ठेवायला लावली, शेजारी. कुणी बसायला लागलं की म्हणायचे, बसू नका, मास्तर यायल्यात.”

“माझं नाव घेतलं त्यांनी?”

“न्यायाधीशांनी विचारलं, पंच कोण? तर म्हणाले, ते आले की तेच सांगतील. मास्तर तर सोलापुरात गल्लोगल्ली आहेत, काका. कुणालाच कळलं नाही.” त्यांनी कोट घडी घातला. “मला कळलं.”

त्यानंतर मी त्याच्या गल्लीत तीनदा गेलो असेन. एकदा दारापर्यंत. आतून टीव्हीचा आवाज येत होता, विडीची पानं कापणाऱ्या कात्रीचा कटकट आवाज येत होता. तो काहीतरी बोलला आणि बायको हसली. मला वाटलं, आता हसताहेत तर कशाला, उद्या येऊ. असे उद्या मी थंडीपर्यंत ढकलले. दुकानात बसून मनात वाक्यं जुळवायचो आणि उसवायचो. आधी वय सांगू, मग भीती सांगू, मग दुकानाची जागा. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला मीच होतो.

तो थंडीतच गेला. छातीचं दुखणं होतं म्हणे, पुष्कळ दिवसांपासून. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

पुढच्या धरण्याला मी पूनम गेटला गेलो. या वेळी टेप घरी ठेवला. माइक हातात घेऊन मी म्हणालो की अमुक चौकीसमोर माझं दुकान होतं, मी ठरलेला पंच होतो, मला झडतीला नेलं नव्हतं, गोण्या व्हरांड्यात होत्या, कोर्टात मी खोटं बोललो, आणि अटकेच्या वेळी त्याचा हात मोडलेला मी पाहिला होता. पाचसहा माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला मारल्यासारख्या लागल्या. एक तरुण वकील लगेच म्हणाला, हे प्रतिज्ञापत्रावर देता का? देतो म्हणालो आणि दिलं. त्याचं पुढे काय होईल ते होईल. चौकीतून अजून कुणी मला बोलावलं नाही. मुलगी फोनवर रडली, मुलगा बोलत नाही.

त्याची बायको विडी कामगार बायांच्यात बसली होती. माइक खाली ठेवून मी तिच्याजवळ गेलो आणि हात जोडले.

“वहिनी, तुमच्या घरात खाट नव्हती. मी खोटं सांगितलं.”

तिने पदर सारखा केला. “मला काय सांगताव, मास्तर? त्या घरात मी झोपत होते. मला म्हाईत न्हाय का खाट नव्हती?”

मी जोडलेले हात खाली घेतले.

“हे त्यांना सांगायचं होतं,” ती म्हणाली. “लई वाट बघितली त्यांनी. तुमी शिवलेलाच शर्ट घालून नेलं त्यांना. त्यो एकच नीट बसायचा.” मग ती बाजूच्या बाईशी बोलायला लागली. मला जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.

मी चालत घरी आलो. बायकोने पाणी दिलं. त्यानंतर रोज मी, तो शर्ट न्यायला आला होता त्या दुपारी परत जाऊन उभा राहतो. तो आरशासमोर आहे, दोन्ही मनगटं सारखी दिसताहेत. मी शिलाई नको म्हणालोय, आणि तो ‘का?’ विचारून थांबलाय. दुकानात कुणी नाही. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं:

तुमच्या घरात खाट नव्हती. तुमचा हात मोडलेला मी पाहिला होता. मी खोटी सही केली आणि खोटी शपथ घेतली. माझं चुकलं. मला माफ करा.